राजांची झाडे, मोच्याची वाट

युरोपातील हॉर्स चेस्टनटच्या जुन्या वृक्षवीथी आज आजारी आहेत. ऐन उन्हाळ्यात, जुलै संपता संपता, लंडनपासून व्हिएन्नापर्यंत या झाडांची पाने करपल्यासारखी तपकिरी होतात. काही खोडांतून गंजाच्या रंगाचा द्रव पाझरतो. रांगांमध्ये खिंडारे पडत आहेत, आणि त्या रिकाम्या जागी काय लावायचे हा वाद तेथील उद्यान खात्यांत चालू आहे. हा प्रश्न वरवर माळ्यांचा वाटतो. माझ्या मते तो आधी इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा आहे, म्हणून आजचा धागा त्यावर. विषय झाडांचा असला तरी वाटेत राजे, राजदूत, एक म्हातारा मोची आणि कागदावर चिकटवून ठेवलेल्या काही वाळलेल्या पानांची साक्ष येणार आहे.

माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. पडलेल्या झाडाच्या जागी त्याच जातीचे, त्याच मापाचे झाड लावून वीथीला 'मूळ रूप' द्यावे, प्रसंगी उरलेली झाडेही तोडून सगळी रांग नव्याने उभी करावी, हा आग्रह मला मान्य नाही. तो आग्रह वीथीच्या तीन-चारशे वर्षांच्या आयुष्यातील एकच क्षण खरा मानतो, आणि तो क्षण राजाचा असतो.

आता झाडाची ओळख. एका देठाच्या टोकाशी पंजासारख्या पसरलेल्या पाच ते सात पर्णिका. ज्याने सावरीचे पान निरखले आहे त्याला ही रचना परकी वाटणार नाही. मे महिन्यात फांद्यांच्या टोकांवर पांढऱ्या फुलांचे उभे तुरे येतात, झाडावर कोणी मेणबत्त्या लावून ठेवल्यासारखे. पाकळीवर आरंभी पिवळा ठिपका असतो. फुलातला मध आटला की तो लाल होतो. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे ती रिकाम्या फुलाकडे फिरकत नाही आणि दोघांचेही श्रम वाचतात. पान गळून गेले की डहाळीवर घोड्याच्या नालाच्या आकाराचा व्रण राहतो, त्यात खिळ्यांसारखे ठिपकेसुद्धा. शरद ऋतूत काटेरी फळातून तुकतुकीत तपकिरी बी निघते. दिसायला ते भाजून खाण्याच्या चेस्टनटसारखे असते, पण खाल्ले तर विष. खाण्याचा चेस्टनट ओकच्या कुळातला. या झाडाचे सगेसोयरे म्हणजे आपला रिठा आणि लिची. बी किसून पाण्यात घुसळले की रिठ्यासारखाच फेस येतो, कारण सॅपोनिन हे द्रव्य दोघांतही आहे.

नावातला घोडा मात्र सरळ आहे. आपल्याकडे 'घोडचूक' म्हणताना घोड्याचा दोष नसतो, तो केवळ मोठेपणा दाखवायला येतो; आणि इंग्रजीतही वनस्पतीच्या नावाआधी 'हॉर्स' आले की पुष्कळदा जाडेभरडे, ओबडधोबड असा अर्थ निघतो. येथे तसे नाही. तुर्की भाषेत या झाडाला 'आत केस्तानेसी' म्हणतात, आणि 'आत' म्हणजे घोडा. खोकला लागलेल्या घोड्यांना या बिया चारण्याची रीत ऑटोमन राजधानीत होती. १५५७ मध्ये विलेम क्वाकेलबेन नावाच्या वैद्याने इस्तंबूलहून इटालियन वनस्पतिवैद्य मात्तिओली याला पत्रातून हे कळवले. क्वाकेलबेन हा सुलतान सुलेमानच्या दरबारातील हाब्सबुर्ग राजदूत ओजिए द बुसबेक याच्या पथकात होता. पुढे चार वर्षांनी तो तेथेच प्लेगने वारला. १५६५ मध्ये मात्तिओलीच्या ग्रंथात या झाडाचे चित्र छापले गेले. १५७६ मध्ये राजदूत डेव्हिड उंग्नाड याच्यामार्फत ते व्हिएन्नाला कारोलुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पोहोचले. १६१५ च्या सुमारास बाशेलिये नावाच्या गृहस्थाने ते पॅरिसमध्ये आणले, असे फ्रेंच उद्यानग्रंथ सांगत आले आहेत. युद्ध आणि तह यांच्या मधल्या फटीतून, राजनैतिक टपालाबरोबर आलेले हे झाड आहे.

आणि आले ते चुकीचा पत्ता घेऊन. फ्रेंचांनी त्याला 'मारोनिए द'आंद', म्हणजे भारताचा चेस्टनट, असे नाव दिले. स्पॅनिश लोक आजही त्याला 'कास्तान्यो दे इंदियास' म्हणतात. इस्तंबूलहून आलेली वस्तू पूर्वेची असणार, आणि पूर्व म्हणजे इंडिया, असा तो हिशेब. पुढे तीनशे वर्षे हे झाड मुळात कोठले, यावर विद्वानांचे एकमत झाले नाही. १८७९ मध्ये थेओडोर फॉन हेल्ड्राइख या अथेन्समध्ये राहणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रीसच्या डोंगरांतल्या ओल्या, सावलीच्या दऱ्यांत ते रानटी अवस्थेत वाढत असल्याची खात्री करून दिली, तेव्हा कोडे सुटले. ग्रीस, अल्बेनिया, उत्तर मॅसिडोनिया, बल्गेरिया एवढाच त्याचा मूळ मुलूख. म्हणजे राजदूतांनी ज्याला दूर पूर्वेचे समजले, ते त्यांच्याच युरोप खंडात, इस्तंबूलच्या पश्चिमेला उभे होते.

हेल्ड्राइखचे नाव लक्षात ठेवा. त्याने गोळा केलेली पाने आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

आता वीथीकडे वळू. रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावणे ही काही युरोपची निर्मिती नव्हे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात वाटांवर विहिरी खोदल्याचा आणि झाडे लावल्याचा उल्लेख आहे, आणि ती कशासाठी तेही तेथेच सांगितले आहे: पशूंच्या आणि माणसांच्या उपयोगासाठी. सातव्या स्तंभलेखात वडाचे नाव घेऊन सावलीचा उल्लेख येतो. फ्रान्समध्ये दुसऱ्या हेन्रीने १५५२ मध्ये हमरस्त्यांच्या कडेने एल्म लावण्याचा हुकूम काढला, त्यामागे सावली दुय्यम होती. तोफांच्या गाड्यांना लाकूड हवे होते. दोन्ही राजाज्ञाच, पण एकीत झाडाखालून चालणारा दिसतो आणि दुसरीत झाड तोडून काय मिळेल ते.

सतराव्या शतकात तिसरा हेतू पुढे आला, तो म्हणजे दृष्टी. फ्रेंच उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्र याने व्हर्सायला आणि त्वीलरीला जे केले त्याचे मर्म असे की, प्रासादाच्या मध्यभागी उभे राहून राजाने नजर टाकावी आणि ती क्षितिजापर्यंत अडू नये. झाडांच्या दोन समांतर भिंती ही त्या नजरेची पन्हळ. शब्दांतही हे उतरले आहे. 'ॲव्हेन्यू' हा शब्द 'येणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला, 'आले' हा 'जाणे' या अर्थाच्या. ॲव्हेन्यू म्हणजे कोणाकडे तरी येण्याची वाट, आणि तो 'कोणी' वाटेच्या टोकाला बसलेला असतो. यजमान आधीच दिसतो, चालणाऱ्याला मात्र वाट संपेपर्यंत आपण किती लहान आहोत याची जाणीव होत राहते.

या कामाला हॉर्स चेस्टनट फार सोयीचा निघाला. बी रुजते लवकर, रोप वाढते झपाट्याने, बरेच मोठे झाल्यावरही उपटून दुसरीकडे लावता येते. घुमटासारखा भरदार, समतोल आकार, दाट सावली, आणि वसंतात एकाच आठवड्यात सगळी रांग फुलणार. शिवाय एक गुण असा की या झाडाचा दुसरा काही उपयोग नाही. लाकूड मऊ, टिकत नाही. ओकसारखी त्याची जहाजे होत नाहीत, एल्मसारख्या तोफगाड्या होत नाहीत. फळ माणसाला खाता येत नाही, हरणे तेवढी आवडीने खातात. मैलभर जमिनीवर निरुपयोगी झाडे लावणे ही ज्याला परवडते, त्याचे ऐश्वर्य निराळे सांगावे लागत नाही. ताजमहालाच्या संगमरवराला जो न्याय लावतो तोच येथे लावावा: सौंदर्य मान्य करावे आणि हिशेबही मागावा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या नैर्ऋत्येला, बुशी पार्कमध्ये आहे. तिसरा विल्यम राजा आणि त्याचा वास्तुविशारद सर ख्रिस्तोफर रेन यांना हॅम्प्टन कोर्टचा जुना ट्यूडर राजवाडा बदलून तेथे व्हर्सायच्या तोडीची इमारत उभारायची होती. त्या राजवाड्याकडे उत्तरेकडून येणारी भव्य वाट म्हणून १६९९ मध्ये सुमारे मैलभर लांबीची वीथी आखली गेली. दोन्ही बाजूंना हॉर्स चेस्टनटची एकेक रांग आणि तिच्या मागे लाइम वृक्षांच्या आणखी रांगा. झाडे लागली. १७०२ मध्ये विल्यमचा घोडा अडखळला, राजा पडला आणि त्या दुखण्यातून उठला नाही. उत्तरेकडचे नवे दालन कधीच बांधले गेले नाही. म्हणजे इंग्लंडमधील हॉर्स चेस्टनटची ही सर्वांत प्रसिद्ध वीथी, जिच्याकडे ती नेणार होती ती गोष्टच अस्तित्वात नाही! १७१३ मध्ये वीथीवरच्या गोल तलावात डायनाचे म्हणून ओळखले जाणारे कारंजे आणून बसवले, एवढीच काय ती भरपाई.

वीथी आणि राजवाडा यांतली ही फारकत मला फार महत्त्वाची वाटते. वाट उरली, यजमान उरला नाही. मग ती वाट कोणाची?

याचे उत्तर एका मोच्याने दिले. टिमथी बेनेट हा शेजारच्या हॅम्प्टन विक गावात जोडे शिवत असे. बुशी पार्कमधून किंग्स्टनच्या बाजाराला जाणारी लोकांची जुनी पायवाट उद्यानाचा अधिकारी लॉर्ड हॅलिफॅक्स याच्या अमलात बंद झाली होती. पूर्वी बेनेटच्या दुकानावरून माणसांची ये-जा असे, ती आटली. १७५२ मध्ये, वयाची पंचाहत्तरी गाठलेल्या या माणसाने वकील गाठला आणि लॉर्डसाहेबांना नोटीस धाडली. सांगतात की लॉर्डने आधी त्याला हसून वाटेला लावले. पण खटला उभा राहिला तर आपण हरू हे त्याच्या लवकरच ध्यानात आले असावे, कारण दावा चालण्यापूर्वीच त्याने माघार घेतली आणि वाट खुली झाली. ती आजही 'कॉबलर्स वॉक' म्हणजे 'मोच्याची वाट' म्हणून ओळखली जाते, आणि उद्यानाच्या कडेला बेनेटचे स्मारक आहे. नकाशा काढून पाहा: रेनची वीथी उत्तर-दक्षिण जाते, मोच्याची वाट पूर्व-पश्चिम. राजाच्या सरळ रेषेला ती आडवी छेदते.

मोच्याने उघडलेल्या दारातून पुढे गर्दी आली. व्हिक्टोरिया राणीने १८३८ मध्ये हॅम्प्टन कोर्ट सर्वांसाठी खुले केले आणि मे महिन्यात फुले पाहायला लंडनचे कामकरी लोक बुशी पार्ककडे लोटू लागले. 'चेस्टनट संडे' हा त्यांचा सण, ११ मेच्या जवळच्या रविवारचा. विसाव्या शतकाच्या मध्यास तो बंद पडला, १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यान १९४४ मध्ये याच उद्यानात जनरल आयझेनहॉवरचे मुख्यालय होते आणि नॉर्मंडीच्या स्वारीची आखणी येथे झाली. तीनशे वर्षांत या झाडांखालून काय काय गेले याची यादी केली, तर ज्याच्यासाठी ती लावली तो राजा त्यात तळाशी येईल.

व्हिएन्नाचे प्राटर घ्या. हाब्सबुर्ग घराण्याचे हे शिकारीचे रान दुसऱ्या जोसेफने ७ एप्रिल १७६६ रोजी लोकांना खुले केले. त्यातून जाणारी सुमारे ४.४ किलोमीटरची सरळ 'हाउप्टआले' आज प्रामुख्याने हॉर्स चेस्टनटची आहे. तरुण वाचकांना ती वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी केनियाच्या एलियुड किपचोगेने मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पार केले, ते याच झाडांखालून पुन्हा पुन्हा धावत. त्याला हवी होती ती सपाट, सरळ आणि वारा अडवणारी वाट. राजाच्या शिकारीसाठी आखलेली रेषा नेमकी तशीच निघाली.

म्युनिकमध्ये तर या झाडाने राजदरबार पूर्णपणे सोडला. बव्हेरियात १५३९ च्या नियमाने उन्हाळ्यात बिअर बनवण्यास बंदी होती, त्यामुळे वसंतापर्यंत बनवलेली बिअर थंड ठेवायला जमिनीखाली तळघरे खणत आणि त्यांच्या माथ्यावर सावलीसाठी हॉर्स चेस्टनट लावत. पान रुंद, मुळे उथळ. तळघराच्या कमानीला धक्का नाही. त्या सावलीत बाके आली, बाकांवर माणसे आली, आणि आजची बिअर गार्डन तयार झाली. कीव्हमध्ये या झाडाविषयी एक आख्यायिका सांगतात: १८४२ मध्ये झार पहिला निकोलस येणार म्हणून एका मुख्य मार्गावर लावलेली रोपे त्याला न आवडल्यामुळे रातोरात उपटली गेली, आणि नगरवासीयांनी ती उचलून आपापल्या दारांत लावली. आख्यायिका आहे, कागदावर तिचा फार भरवसा धरू नये. पण १९६९ च्या सोव्हिएत काळातील नगरचिन्हात चेस्टनटची डहाळी आली आणि आजही ते झाड म्हणजे कीव्ह असे समीकरण आहे, एवढे खरे. झारला नकोसे झालेले झाड शहराने आपले म्हटले, ही गोष्ट लोकांना सांगाविशी वाटते, हेच मला पुरेसे बोलके वाटते.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात वीथींवर उलटे संकटही आले. लान्सलॉट ब्राउन, ज्याला लोक 'केपेबिलिटी' ब्राउन म्हणत, त्याने आणि त्याच्या अनुयायांनी सरळ रेषा ही हुकूमशाही फ्रेंच अभिरुची ठरवली. कितीतरी जहागिरींतल्या जुन्या रांगा कापून तेथे 'नैसर्गिक' दिसणारी, पण तितकीच बेतलेली हिरवळ अंथरली गेली. जेन ऑस्टिनच्या १८१४ च्या 'मॅन्सफील्ड पार्क' कादंबरीत अशाच एका ओकच्या वीथीवर कुऱ्हाड पडणार या चर्चेने फॅनी व्यथित होते. हम्फ्री रेप्टन या प्रत्यक्षातल्या उद्यानरचनाकाराचे नावही तेथे येते. राजाची रेषा पुसण्यासाठी झाडे तोडणे आणि राजाची रेषा राखण्यासाठी झाडे तोडणे, या दोन्ही गोष्टी एकाच शैलीवेडातून येतात असे मला वाटते. दोन्हींत झाडाखालून चालणाऱ्याला विचारलेले नसते.

आता आजाराकडे. १९८४ मध्ये ओह्रिड सरोवराच्या परिसरात एक बारीकसा पतंग दिसला. त्याची अळी हॉर्स चेस्टनटच्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला हिरवा गर खात बोगदे काढते. १९८६ मध्ये त्याला कॅमेरारिया ओह्रिडेला असे नाव मिळाले. १९८९ मध्ये तो ऑस्ट्रियात दिसला, २००२ मध्ये लंडनला. वीस वर्षांच्या आत त्याने खंड ओलांडला, बहुधा मोटारी, रेल्वे आणि वाळलेल्या पानांबरोबर. हा आला कोठून, यावर पुन्हा तर्क सुरू झाले: कोणी अमेरिका म्हणे, कोणी आशिया. झाडाच्या बाबतीत झालेला घोटाळा पतंगाच्या बाबतीतही होऊ घातला होता.

उत्तर संग्रहालयांच्या कपाटांत होते. वनस्पतिसंग्रहातल्या जुन्या, कागदावर चिकटवलेल्या हॉर्स चेस्टनटच्या पानांची संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा पानांत दाबल्या गेलेल्या अळ्या सापडल्या. त्यांचे डीएनए काढून पाहिले, पतंग तोच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातला सर्वांत जुना नमुना १८७९ चा होता, ग्रीसमधला, आणि गोळा करणारा होता हेल्ड्राइख. ज्या पानांच्या आधारे झाडाचे माहेर सिद्ध झाले, त्याच पानांत झाडाचा वैरी शंभराहून अधिक वर्षे निपचित पडून होता आणि कोणाला दिसला नाही. साधनाकडे नवा प्रश्न घेऊन परत गेले की जुने साधन नवे बोलते, असे आपण बखरी आणि मोडी कागदांविषयी म्हणतो. वाळलेल्या पानालाही ते लागू आहे.

पतंगाने झाड सहसा मरत नाही, क्षीण होते. मारणारा दुसरा आहे: स्यूडोमोनस सिरिंगी या जिवाणूचा एक प्रकार, ज्याने साल फुटून खोड पाझरू लागते. या शतकाच्या आरंभापासून तो वायव्य युरोपात पसरला. २०१९ मध्ये युरोपीय वृक्षांच्या लाल यादीत हॉर्स चेस्टनटची नोंद 'असुरक्षित' या वर्गात झाली. लक्षात घ्या, उद्यानांत हे झाड लाखोंनी आहे, पण त्याच्या मूळ दऱ्यांत ते थोडे आणि विखुरलेले उरले आहे.

रानातल्या दरीत हे झाड इतर जातींच्या गर्दीत उभे असते. पतंगाला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला अंतर पडते. वीथीत मात्र आपण त्याला दहा-दहा मीटरवर पुढचे ताट वाढून ठेवले, तेही मैलोन्मैल, आणि एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत. एकसारखेपणा हेच वीथीचे सौंदर्य होते. सगळी झाडे एका उंचीची, एकाच दिवशी फुलणारी, कवायतीतल्या पलटणीसारखी. तोच एकसारखेपणा रोगाला रस्ता झाला. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही, रेनला जिवाणू ठाऊक नव्हते. पण आपल्याला ठाऊक आहेत. ठाऊक असूनही तीच पलटण पुन्हा उभी करायची असेल, तर निदान त्याला 'ऐतिहासिक निष्ठा' म्हणू नये.

या मुद्द्यावर विरुद्ध बाजूचे एक म्हणणे वजनदार आहे. वीथी ही रचना आहे, ते म्हणतात. देवळाच्या खांबांपैकी एक पडला तर त्या जागी वेगळ्या घडणीचा खांब बसवत नाहीत. व्हर्सायमध्ये हीच परंपरा आहे. सोळाव्या लुईच्या कारकिर्दीच्या आरंभी, १७७४ च्या हिवाळ्यापासून, तेथील जुनी झाडे सरसकट तोडून नवी लावली गेली; उबेर रोबेर या चित्रकाराने त्या तोडीची चित्रे काढली आहेत. एकोणिसाव्या शतकात पुन्हा तेच झाले. डिसेंबर १९९९ च्या वादळाने हजारो झाडे पडल्यावर आणखी एकदा. म्हणजे व्हर्सायला गेलेला प्रवासी ज्या झाडांखाली चौदाव्या लुईला आठवतो, त्यातले जवळजवळ काहीही लुईने पाहिलेले नाही.

पण हे उदाहरण मला उलट दिशेने नेते. दर शंभर वर्षांनी सगळे बदलूनही व्हर्साय व्हर्साय राहते, याचा अर्थ वारसा लाकडात नाही, रेषेत आहे. मग रेषा राखायला तेच लाकूड का हवे? अंतर राखा, रुंदी राखा, उंचीचा अंदाज राखा, दृष्टी जिथे पोहोचायची तिथे पोहोचू द्या. जाती दोन-तीन मिसळा. आणि जी जुनी झाडे जिवंत आहेत, वाकडी, पोकळ, अर्धी वाळलेली, त्यांना केवळ नव्या रांगेत शोभत नाहीत म्हणून हात लावू नका. बुशीच्या झाडांची खालची पाने हरणे खातात, त्यामुळे पर्णभाराची तळकड आखल्यासारखी सरळ दिसते. रेनच्या नकाशात हरणांचे हे काम नव्हते. तरीही ती कड आज त्या वीथीची ओळख आहे.

हा वाद आपल्या दारातही येऊ शकतो, म्हणून थोडे विषयांतर. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'हेरिटेज ट्री' हा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अटही आली. पाऊल चांगलेच आहे. पण हा कायदा झाड मोजतो, रांग मोजत नाही. जुन्या रस्त्यावरच्या वडांच्या ओळीतला एकेक वड सुटा मोजला की शंभर रोपे दुसऱ्या कुठल्याशा टेकडीवर लावून हिशेब पुरा होतो. रस्त्याची सावली मात्र तुटलेलीच राहते. गडाचा बुरूज ढासळला तर त्याचे दगड मोजून दुसऱ्या गावात रचत नाहीत. रांगेला स्वतःचा दर्जा देणारा नियम हवा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो मागण्याचे काम पर्यावरणवाल्यांवर सोपवून इतिहासप्रेमींनी मोकळे होऊ नये.

आता युरोपातल्या त्या रिकाम्या जागांकडे परत. पर्यायांच्या यादीत एक नाव वारंवार येते: एस्क्युलस इंडिका, म्हणजे हिमालयातला हॉर्स चेस्टनट. काश्मीरपासून नेपाळपर्यंत तो रानात वाढतो. उत्तराखंडात त्याला पांगर म्हणतात (आपल्या लाल फुलांच्या पांगाऱ्याशी त्याचा संबंध नाही), हिमाचलात खनोर. त्याच्या कडू बिया पाण्यात वारंवार धुऊन त्यांचे पीठ खाण्याची रीत तेथील डोंगराळ भागांत आहे. पतंगाच्या अळ्या त्याच्या पानांत फारशा टिकत नाहीत, म्हणून ब्रिटनमध्ये त्याची शिफारस होते. जिवाणूविषयी मात्र सावध राहावे लागेल: युरोपात पसरलेल्या त्या प्रकाराचा सर्वांत जवळचा आप्त भारतातच, याच हिमालयी झाडाच्या पानांवर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडला होता, आणि हे झाड त्या रोगापासून पूर्ण मुक्त नाही. तरीही काही उद्यानांत त्याची रोपे उभी राहिली आहेत. ती फुलतात थोडी उशिरा, जूनमध्ये, फुलांवर गुलाबी झाक असते. फ्रेंचांनी चारशे वर्षांपूर्वी चुकून दिलेले 'भारताचा चेस्टनट' हे नाव या रोपांना मात्र तंतोतंत लागू पडते.